जशी चाळणी तसे दाणे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, व ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. विषय निवडताना आम्ही एक दंडक पाळला आहे. आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय विणकामाचा. आज आपल्यातील पुष्कळ कुटुंबे नोकरीत, अध्यापनात, वैद्यकीत आणि व्यापारात स्थिरावली आहेत हे खरे; तथापि माग, ताणा, पाजणी, खळ हे शब्द ऐकताच ज्याचे कान टवकारत नाहीत असे घर आपल्यात विरळाच. म्हणून त्या व्यवसायाशी ज्याचा धागा जुळतो असाच विषय आम्ही घेतला आहे. तो विषय म्हणजे विकरांची सुधारणा, आणि त्या सुधारणेसाठी लक्षावधी नमुन्यांची शीघ्र पारख करण्याच्या नव्या पद्धती. विषयाचे नाव परके वाटेल. परंतु त्यातले मर्म आपल्या माजघरातील सूप आणि चाळणी यांहून फारसे दूर नाही, हे व्याख्यानाच्या अखेरीस आपणांस पटावे अशी आमची उमेद आहे.

प्रथम विकर म्हणजे काय ते पाहू. पाश्चात्य शास्त्रज्ञ ज्यास एंझाइम म्हणतात त्यासच मराठीत विकर हे नाव आहे. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावीत राहिले की तो गोड लागू लागतो; नाचणीला मोड आणून तिचे सत्त्व काढले की त्यास गोडी येते; कच्च्या पपईचा कीस लावला की निबर मांस लवकर शिजते. ही सारी विकरांची करणी होय. प्रत्येक सजीव पेशीत अशी शेकडो विकरे असतात. काही थोडे अपवाद सोडले तर ती प्रथिनेच असतात. म्हणजे वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांचे मणी एका ठरावीक क्रमाने ओवून झालेली माळ, आणि ती माळ स्वतःभोवती गुंडाळली जाऊन तिला आलेला एक विशिष्ट आकार. त्या आकारात एक खोबण असते. तिच्यात नेमका एक पदार्थ येऊन बसतो, त्याची मोडतोड अथवा जोडणी होते, आणि विकर पुन्हा पुढच्या कामास मोकळे राहते. मण्यांचा क्रम कोणता असावा हे पेशीतील जनुकात लिहिलेले असते. जनुकातील एक अक्षर बदलले की बहुधा माळेतील एक मणी बदलतो, आणि एवढ्या बदलानेही विकराचा गुण पालटू शकतो.

आता आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. ताण्याच्या सुतास मागावरील ओढ व घर्षण सोसावे म्हणून आपण त्याची पाजणी करतो, त्यावर पिठाची खळ चढवतो. कापड विणून झाले की तीच खळ रंगाच्या आड येते. रंग सुतात सारखा मुरत नाही, डाग पडतात. ही खळ काढण्यासाठी पूर्वी कापड पुष्कळ काळ पाण्यात कुजत ठेवीत, किंवा आम्लाच्या पाण्यातून काढीत. आणि आम्लाचे प्रमाण किंचित चुकले की खळीबरोबर सुताचीही ताकद जाई. यावर उपाय विकराने केला. १८९४ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने बुरशीपासून पिष्ट विरघळवणारे विकर काढण्याच्या रीतीचे अमेरिकेत पेटंट घेतले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बोआदँ आणि एफ्राँ या दोघांनी तसेच विकर जीवाणूंपासून मिळवून वस्त्रोद्योगात आणले. नवलाची गोष्ट अशी, की खळीतील पिष्ट आणि कापसाचे सूत ही दोन्ही एकाच ग्लुकोजच्या कणांची बनलेली आहेत. भेद आहे तो केवळ कण एकमेकांस कोणत्या बाजूने जोडले आहेत एवढाच. तेवढा भेद हे विकर ओळखते. ते खळ खाते आणि सुतास दुखवीत नाही. पेरॉक्साइडने विरंजन झाल्यावर कापडात उरलेले पेरॉक्साइड नाहीसे करण्यासाठीही आज विकर वापरतात, आणि जीनच्या कापडास जुनेपणाची झाक आणण्यासाठी पूर्वी दगडांबरोबर घुसळण करावी लागे ते कामही बव्हंशी विकरावर आले आहे.

परंतु निसर्गाने विकरे घडवली ती जीवाणूंच्या सोयीसाठी, गिरणीच्या सोयीसाठी नव्हे. पेशीत ऊन बेताचे, पाणी मुबलक, तिखट रसायनांचा संपर्क नाही. कारखान्यात उकळते पाणी, सोडा, पेरॉक्साइड, कधी पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक. अशा ठिकाणी नैसर्गिक विकर फार काळ टिकत नाही. मग त्यात सुधारणा करावी कशी?

एक मार्ग जाणकारीचा. विकराची रचना अभ्यासावी, कोणता मणी दुबळा ते हेरावे आणि तेवढाच बदलावा. कपडे धुण्याच्या पावडरीत मळातील प्रथिने तोडणारे सबटिलिसिन नावाचे विकर घालतात. विरंजक द्रव्यापुढे ते निकामी होई. त्याच्या २२२ व्या स्थानी मेथिओनीन हे ॲमिनो आम्ल आहे व तेच विरंजकाने करपते, असे ध्यानात आल्यावर अमेरिकेतील संशोधकांनी त्या एका जागी उरलेली एकोणीस ॲमिनो आम्ले एकेक करून बसवून पाहिली व १९८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेरीन, ॲलनीन किंवा ल्यूसीन तेथे बसवल्यास विकर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तग धरते, तर सिस्टीन बसवल्यास ते लवकरच निकामी होते, असे आढळले. हा मार्ग उत्तमच. परंतु दुबळा मणी कोणता हे आधी ठाऊक असेल तरच तो चालतो. बहुतेक वेळा ते ठाऊक नसते.

दुसरा मार्ग शेतकऱ्याचा. आपला शेतकरी बियाण्यासाठी टपोरी, भरदार कणसे बाजूस काढी. कणसाच्या आत काय घडते हे त्यास सांगता आले नसते. परंतु कोणते कणीस चांगले हे तो बिनचूक सांगे, आणि तेवढ्या ज्ञानावर पिढ्यान्‌पिढ्या वाण सुधारत गेले. हाच मार्ग विकरांस लावण्याचे श्रेय मुख्यतः कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील फ्रान्सेस आर्नोल्ड या विदुषीकडे जाते. या बाई मूळच्या यंत्रशास्त्राच्या पदवीधर. रसायन अभियांत्रिकीकडे त्या पुढे वळल्या. प्रारंभी त्यांनीही विचारपूर्वक एकेक मणी बदलून पाहिला, परंतु यश बेताचेच आले. तेव्हा त्यांनी अंदाज बांधणे सोडून निसर्गाची रीत उचलली. सबटिलिसिन ई या विकराच्या जनुकाच्या प्रती काढताना मुद्दाम काही चुका होऊ द्यावयाच्या; त्या नाना प्रती जीवाणूंत घालावयाच्या; प्रत्येक जीवाणू आपल्या प्रतीप्रमाणे वेगळे विकर तयार करील; त्यातून सर्वांत चांगले काम करणारे निवडावयाचे आणि त्याच्याच जनुकाच्या पुन्हा सदोष प्रती काढावयाच्या. हेतू असा, की डायमिथिल फॉर्मामाइड या द्रावकात, जेथे ते विकर जवळजवळ निष्प्रभ होते, तेथे त्याने काम करावे. १९९३ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की तिसऱ्या पिढीअखेर हाती आलेले विकर त्या द्रावकाच्या ६० टक्के द्रावणात मूळ विकराच्या २५६ पट कार्यक्षम ठरले. त्यात एकूण दहा बदल होते, आणि ते दहा एकत्र यावेत असे कोणाही पंडितास आधी सुचले नसते. २०१८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा आर्नोल्डबाईंना मिळाला. तो पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पाचव्या महिला होत. या रीतीस निर्देशित उत्क्रांती म्हणतात.

ऐकावयास ही रीत सोपी वाटते. अडचण संख्येची आहे, आणि आमच्या आजच्या विषयाचा गाभाही तोच आहे. सबटिलिसिनच्या माळेत २७५ मणी आहेत. प्रत्येक जागी दुसरे एकोणीस मणी बसू शकतात. तेव्हा एकच मणी बदलण्याचे प्रकार २७५ गुणिले १९, म्हणजे ५,२२५. दोन मणी एकदम बदलावयाचे म्हटले, तर हीच संख्या १ कोटी ३६ लाखांवर जाते. तीन बदलावयाचे तर सुमारे २,३५१ कोटी. आणि आपण नुकतेच पाहिले, की उपयोगी विकरात दहा बदल होते. सारे प्रकार तपासणे कोणासही साध्य नाही. म्हणूनच एका पिढीत एखाददुसराच बदल होऊ द्यावयाचा, त्यातून उत्तम तो निवडून त्यावर पुढची पिढी उभी करावयाची, अशी पायरीपायरीने चढण करावी लागते. बहुतेक आकस्मिक बदल अपायकारक किंवा निरुपयोगी असतात. उपकारक बदल विरळा. तो विरळा दाणा एवढ्या राशीतून हुडकावयाचा कसा?

येथे पारख येते. पारखेच्या पद्धतींचा क्रम ओळीने सांगतो.

पहिली आणि सर्वांत साधी पद्धत बशीची. दुधातील केसीन हे प्रथिन मिसळून बशीत जेली ओतावी. ती दुधाळ, अपारदर्शक दिसते. तीवर जीवाणूंच्या वसाहती वाढवाव्या. ज्या वसाहतीचे विकर केसीन तोडते तिच्याभोवती स्वच्छ पारदर्शक वलय पडते, आणि वलय जितके मोठे तितके विकर अधिक कर्तबगार. आर्नोल्डबाईंनी आपल्या प्रयोगात अशीच पारख केली. मात्र बशीत त्यांनी तो द्रावकही मिसळला होता. एक माणूस नुसत्या डोळ्यांनी हजारो वसाहती अशा पाहू शकतो. परंतु वलयाने ढोबळ भेद कळतो, सूक्ष्म भेद कळत नाही.

दुसरी पद्धत खाचांच्या तबकडीची. हंगेरीतील ग्यूला ताकाची या वैद्याने १९५१ साली लहान लहान खाचांच्या पट्टिका प्रयोगशाळेत आणल्या. त्यातून पुढे आठ ओळी व बारा रकाने अशा ९६ खाचांची तबकडी रूढ झाली. मग ३८४ आणि १,५३६ खाचांच्याही आल्या. प्रत्येक खाचेत एका वसाहतीचे विकर ठेवावयाचे, त्यात असा पदार्थ घालावयाचा की जो तुटताच रंग येतो, आणि रंग किती गडद झाला ते यंत्राने मोजावयाचे. आज हे काम यांत्रिक हात करतात. ही पारख बारीक आणि विश्वसनीय. तथापि तिची गती पाहा. समजा, दिवसास ९६ खाचांच्या शंभर तबकड्या, म्हणजे ९,६०० नमुने, तपासले. तर एका बदलाचे ५,२२५ प्रकार एका दिवसाच्या आतच संपतील. दोन बदलांच्या प्रकारांस सुमारे चार वर्षे लागतील. आणि तीन बदलांच्या प्रकारांस? सुमारे ६,७०० वर्षे! प्रत्यक्षात हिशेब याहूनही कठीण आहे. कारण नमुने आकस्मिक रीतीने हाती येतात, काही पुन्हापुन्हा येतात, आणि शंभरांतील पंचाण्णव प्रकार तरी नजरेखालून जावे असे वाटत असेल तर मूळ संख्येच्या तिप्पट नमुने तपासावे लागतात.

तिसरी पद्धत पेशी-वर्गीकरण यंत्राची. पेशी एकेक करून बारीक धारेतून लेसर किरणांसमोरून जातात. जी पेशी अधिक प्रकाशते तिचा थेंब विद्युत्प्रभाराने वेगळ्या नळीत वळवला जातो. सेकंदास हजारो पेशींची निवड या यंत्राने होते. मात्र विकराने घडवलेला प्रकाशमान पदार्थ पेशीतून बाहेर पडून शेजारणीस चिकटला, तर कोणाचे श्रेय कोणास गेले हे कळत नाही. आपल्या धंद्यातील भाषेत बोलावयाचे तर, तागा आणि त्याची चिठ्ठी यांची ताटातूट झाली की माल कितीही उत्तम असो, तो कोणत्या मागावरचा हे सांगता येत नाही. विकराच्या पारखेत जनुक ही चिठ्ठी होय. विकर चांगले निघाले पण त्याचे जनुक हरवले, तर पुढची पिढी काढावयाची कशापासून?

या अडचणीवर इंग्लंडातील केंब्रिज येथे डॅन तौफिक आणि अँड्र्यू ग्रिफिथ्स या दोघांनी १९९८ साली एक सुंदर युक्ती काढली. तेलात पाणी घुसळले की पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब तेलात तरंगत राहतात. प्रत्येक थेंबात एकच जनुक, ते वाचून विकर बनवणारी सामग्री आणि विकराचे भक्ष्य, एवढे कोंडले की तो थेंबच एक कृत्रिम पेशी बनतो. चिठ्ठी आणि माल एका गाठोड्यात बांधलेले राहतात. याच कल्पनेस पुढे सूक्ष्म नलिकांच्या यंत्राची जोड मिळाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात या रीतीने सुमारे दहा कोटी अभिक्रिया दहा तासांत तपासल्या गेल्या, आणि त्यास लागलेली सारी द्रावणे मिळून १५० मायक्रोलिटरांहून कमी, म्हणजे पाण्याच्या तीनचार थेंबांइतकी होती! तबकड्यांवर जे काम करण्यास चार वर्षे लागतील असे आपण म्हटले, ते या गतीने दीड तासाच्या आत आटोपते.

या वेगाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु येथेच सावध होण्याची गरज आहे. या क्षेत्रातील जाणत्यांत एक नियम सर्वमान्य झाला आहे, तो असा की ज्याची पारख कराल तेच पदरी पडेल. आपल्या भगिनींस हे सांगावयास नको. चाळणी दाण्याचा आकार पाहते. दाण्याएवढा खडा तिला दाणाच वाटतो. सूप वजन पाहते. पोचट दाणा व कोंडा उडवते, पण जड खडा त्यातही मागे राहतो. तो जावा म्हणून तांदूळ पाण्यात रोळावे लागतात. तीन साधने, तीन निरनिराळ्या परीक्षा; एकीने दुसरीचे काम होत नाही. विकरांचेही तसेच आहे. रंग यावा म्हणून खऱ्या भक्ष्याऐवजी सोयीचा बनावट पदार्थ वापरला, तर पिढ्यान्‌पिढ्यांनंतर हाती येते ते त्या बनावट पदार्थावर प्रवीण झालेले विकर; खऱ्या कामास ते कुचकामी निघण्याचा संभव असतो. कधी जीवाणू चांगले विकर न बनवता तेच जुने विकर दुप्पट-चौपट बनवतो, आणि गुणाऐवजी संख्येवर परीक्षा जिंकतो. कधी तबकडीच्या कडेच्या खाचांतील पाणी लवकर आटते, द्रावण दाट होते, आणि केवळ जागेच्या योगाने एखादा सामान्य नमुना असामान्य भासतो. म्हणून कुशल संशोधक पहिली पारख झटपट व ढोबळ करतो, आणि तीतून वर आलेल्या थोड्या नमुन्यांची दुसरी पारख सावकाश, प्रत्यक्ष कामाच्या परिस्थितीत, पुन्हापुन्हा करतो.

अशा दक्षतेचे फळ किती मोठे असते याचे एक उदाहरण देतो. सिटाग्लिप्टिन हे मधुमेहावरील औषध आपल्या अनेक घरांत परिचयाचे असेल. त्याच्या निर्मितीत एका टप्प्यावर ऱ्होडियम हा अत्यंत महाग धातू आणि उच्च दाबाचा हायड्रोजन वापरावा लागे. मर्क आणि कोडेक्सिस या अमेरिकन कंपन्यांच्या संशोधकांनी त्याऐवजी विकर वापरण्याचे ठरवले. त्यांनी आरंभास घेतलेले विकर मूळ रेणूस स्पर्शही करीत नव्हते. प्रथम त्याची खोबण रचनेच्या अभ्यासाने मोठी केली, मग पिढ्यांमागून पिढ्या काढल्या, आणि प्रत्येक पिढीत परीक्षा थोडी थोडी कठोर केली. द्रावक वाढवला, ऊन वाढवले, कच्चा माल वाढवला. अखेरीस २७ बदल झालेले विकर मिळाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात जुन्या रीतीपेक्षा उत्पन्न १० ते १३ टक्क्यांनी वाढले, टाकाऊ द्रव्ये १९ टक्क्यांनी घटली, आणि तो जड धातू पूर्णपणे वगळता आला. जाणकारीचा मार्ग आणि शेतकऱ्याचा मार्ग येथे हातात हात घालून गेले. आता संगणकही या जोडीस येऊन मिळाला आहे. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांची रचना संगणकाने घडवणाऱ्या व ओळखणाऱ्या डेव्हिड बेकर, डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांस मिळाले. संगणक आता सांगतो, की राशीच्या कोणत्या कोपऱ्यात चांगले दाणे असण्याचा संभव आहे. तरीही शेवटी दाणा हाती घेऊन पाहावाच लागतो.

बंधुभगिनींनो, येथपर्यंत शास्त्राची कथा झाली. आता ज्ञातिसंमेलनात या कथेचे प्रयोजन काय, याविषयी तीन गोष्टी सांगून आम्ही आटोपते घेऊ.

पहिली गोष्ट सर्वांत नाजूक, म्हणून ती प्रथम सांगतो. निवड, वाण, पिढी, सुधारणा हे शब्द ज्ञातीच्या व्यासपीठावरून उच्चारले गेले की कोणाच्या मनात भलता अर्थ येण्याचा धोका असतो. जातिवंत या शब्दाचा आपल्याला फार सोस आहे. तेव्हा स्पष्ट सांगितले पाहिजे, की हे शास्त्र रेणूंचे आहे, माणसांचे नव्हे. माणसांची निवड करू पाहणारे कायदे गेल्या शतकात झाले. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९०७ साली आणि जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचे कायदे आले, आणि त्यातून केवळ क्रौर्य निपजले. विकरास यातना नसतात, हक्क नसतात. टाकून दिलेल्या नमुन्याची आई रडत नाही. परंतु ज्यांना या शास्त्रातून कुळाच्या श्रेष्ठतेचा दाखला काढावयाचा असेल, त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. विलेम स्टेमर या संशोधकाने जनुकांचे तुकडे करून ते परस्परांत मिसळण्याची रीत १९९४ साली प्रसिद्ध केली. १९९८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार निरनिराळ्या जीवाणूंतील एकाच जातीच्या कामाची चार जनुके घेतली. प्रत्येक जनुक आपापल्या घरातच ठेवून सुधारले, तेव्हा गुण आठपटींपर्यंत वाढला. चारही एकमेकांत मिसळली, तेव्हा तो २७० ते ५४० पटींनी वाढला! यावरून माणसांच्या सोयरिकीचा नियम बसवणे हेही शास्त्राच्या बाहेरचेच होईल. परंतु अलगपणा हाच शुद्धतेचा व सामर्थ्याचा मार्ग होय, असे सांगण्यास या शास्त्राचा आधार घेता येणार नाही, एवढे खास.

दुसरी गोष्ट आपल्या औषधांच्या कपाटाची. स्टेमर यांनी १९९४ साली जे विकर सुधारले ते प्रतिजैविक औषध निकामी करणारे होते. काही थोड्या फेऱ्यांत त्या विकराच्या जीवाणूंची सेफोटॅक्सिमला तोंड देण्याची शक्ती ३२,००० पट झाली. तो प्रयोग परीक्षानळीत बंदिस्त होता. परंतु वैद्याच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविके घेणारा, किंवा सर्दीपडशास ती मागून घेणारा माणूस नकळत आपल्या शरीरात हाच प्रयोग मांडत असतो. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. येथे चाळणी आपणच धरलेली असते. घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

तिसरी गोष्ट आपल्या मंडळाच्या कार्याची. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो. हे कार्य थोर आहे. त्यासाठी आपण चाळणी एकच लावतो, ती शालान्त परीक्षेतील टक्केवारीची. ती चाळणी खोटी नाही. झटपट आहे, निःपक्षपाती आहे, पहिल्या पारखेस योग्य आहे. परंतु जो मुलगा रात्रपाळीस यंत्रमागावर उभा राहून दिवसा शाळेत जातो आणि साठ टक्के मिळवतो, जी मुलगी घरची धुणीभांडी सांभाळून शास्त्राचा प्रयोग मन लावून करते, ती दोघे या चाळणीतून खाली गळतात. तबकडीच्या कडेच्या खाचेप्रमाणे जागेच्या योगाने कोणाचे गुण फुगतात, तर कोणाचे आटतात. आमची मंडळास नम्र सूचना अशी, की पहिली चाळणी आहे तशी असू द्यावी. परंतु निधीचा काही भाग दुसऱ्या, सावकाश पारखेसाठी राखावा. ज्यांची घरची परिस्थिती कठीण आहे अशा मुलामुलींस दोन जाणत्यांनी प्रत्यक्ष भेटावे, त्यांचे हातकाम पाहावे, त्यांच्या शिक्षकांशी बोलावे, आणि मग निर्णय करावा. विकरांच्या राशीत गळून गेलेल्या नमुन्याची खंत करण्याचे कारण नाही. गळून गेलेले मूल मात्र आपले असते.

अशा मुलांना पुढे जाण्यास वाटाही आहेत. मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या रसायन तंत्रविद्येच्या संस्थेत वस्त्ररसायनाचे शिक्षण प्रारंभापासून दिले जाते. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आणि तेथे विकरांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खारट, क्षारयुक्त सरोवरात जे जीवाणू राहतात त्यांची विकरे सोड्याच्या पाण्यातही टिकतात. त्यांचा अभ्यास आपल्याकडील संशोधकांनी केला आहे. ज्यांच्या आजोबांनी खळ चढवली, त्यांच्या नातवंडांनी खळ काढणाऱ्या विकराचा शोध पुढे न्यावा, यात अशक्य असे काय आहे?

आर्नोल्डबाईंविषयी आणखी एक हकीकत सांगून थांबतो. नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर, २०१९ साली, त्यांच्या प्रयोगशाळेतून एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष पुन्हा प्रयोग करता जुळेनात, आणि टिपणवहीतील काही नोंदीही सापडेनात. २०२० च्या जानेवारीत बाईंनी तो निबंध स्वतः मागे घेतल्याचे जगजाहीर केले आणि आपले लक्ष पुरेसे नव्हते असे मोकळेपणाने सांगितले. जगातील सर्वोच्च मान मिळाल्यावरही त्यांनी आपली चाळणी स्वतःच्या कामास लावणे सोडले नाही. पारख हा शब्द उच्चारण्याचा अधिकार अशांनाच असतो. मंडळांना, पालकांना आणि व्याख्यात्यांनाही हा नियम सारखाच लागू आहे.

 ज्ञातीतील मुलामुलींस विद्येची गोडी लागो, त्यांना योग्य पारखी भेटोत आणि मंडळाचे कार्य उत्तरोत्तर वाढत जावो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.